साक्षीला कोण बसणार

कुंतीचे मोदक आधी संपले.

जमुनाने ते चुलीपाशी बसल्या बसल्या पाहिलं. दोन्ही जावांची ताटं एकाच चटईवर, शेजारी शेजारी. खोबरं एकाच झाडाचं, गूळ एकाच चिन्याच्या दुकानातला. तरी युनियनच्या माणसांचे हात फिरून फिरून धाकटीच्याच ताटाकडे जात होते. "काकी, कळ्या काय पाडल्यात!" म्हणत कृष्णदेवने चौथा उचलला. जमुनाच्या ताटात अकरा उरले.

"ह्यातलेबी घ्या की," ती म्हणाली. "विष नाय घातलेलं."

माणसं हसली, एकेक घेतला. पण मागून घेतलेला मान म्हणजे उष्टं ताट, हे जमुनाला कुणी शिकवायला नको होतं.

गणपतीचा पाचवा दिवस, त्यात रविवार. ऊन कललं की नदीवर विसर्जन. त्याआधी चंद्रमोहनने, तिच्या थोरल्या लेकाने, युनियनची कमिटी घरीच बोलावली होती, कारण बैठकेत, गावाच्या सभाघरात, पोरांचा झाकरीचा नाच चालला होता आणि तिथे ढोलकीपुढे माणसाचा आवाज ऐकू आला नसता. गुरुवारी राजधानीत, पोर्ट लुईला, सरकारचं कमिशन बसणार होतं. ऊसतोड्यांच्या युनियनला तिथे अर्धा तास मिळाला होता. अर्ध्या तासात दोन मागण्या. कोठीच्या, म्हणजे साखरमळ्याच्या, दवाखान्यात रोज डॉक्टर आणि दारात गाडी, ही एक. मजुराच्या पोराला कॉलेजची फी माफ आणि पुढे दिल्ली-लंडनला शिकायला सरकारी पैसा, ही दुसरी. दोन्हींसाठी माणूस दाखवायचा होता, नुसता कागद नाही. एक साक्षीदार आणि एक विद्यार्थी.

साक्षीदार कुंती. विद्यार्थी कुंतीचा जयदेव.

चंद्रमोहनने हे पहिल्या दिवशी आरती झाल्या झाल्या सांगितलं, तेव्हापासून जमुना धुमसत होती. जयदेव हुशार, कोण नाही म्हणतंय? पण चंद्रमोहनची इंद्राणी, जमुनाची नात, त्याच परीक्षेत जयदेवच्या तीन जागा वर होती. साऱ्या बों अक्योय गावाला ठाऊक होतं. पोरगी रॉकेलच्या दिव्याखाली जीवशास्त्राचं पुस्तक पाठ करायची, बेडकाची आतडी काढून दाखवायची, आणि म्हणायची, आजी, मी डॉक्टरीण होणार.

"तुझ्या पोटच्या पोरीचं नाव का नाय?" जमुनाने तेव्हाच विचारलं होतं.

"युनियनच्या सेक्रेटरीनं आपलीच पोरगी पुढं केली, तर लोक काय म्हणतील, आये? आणि काकीच्या घरात दोन्ही गोष्टी आहेत. डॉक्टर नव्हता म्हणून बाप गेला, आता पोराला डॉक्टर व्हायचंय तर फी नाही. कमिशनला एका घरात सगळं दिसतं."

"एका घरात सगळं," जमुना म्हणाली होती. "मे वी, होय तर. धाकटीच्याच घरात सगळं."

आज घरातली एकुलती एक हातांची खुर्ची, तिच्या नवऱ्याची, बलरामची, अंगणात आंब्याखाली मांडली होती आणि तिच्यावर कुंती बसली होती. पांढरं पातळ, डोक्यावर पदर, हात मांडीवर. बैठकेत मराठी शिकवणारे राधाकृष्ण गुरुजी समोर उभे होते. गुरुवारी कोठीवाल्यांचा वकील प्रश्न विचारणार, म्हणून आज गुरुजी वकील. त्यांनी त्यासाठी डोक्यावर हॅटसुद्धा घातली होती. बलराम पायरीवर बसून विड्या वळत होता. जयदेव आणि इंद्राणी एकाच ओंडक्यावर, मध्ये कसलंसं पुस्तक.

"मादाम," गुरुजी वकिलाच्या आवाजात म्हणाले, "सिक्लोनच्या दिवशी काय झालं ते कमिशनला सांगा."

कुंतीने सांगायला सुरुवात केली. आवाज खालचा. कॅरोल वादळाचा वारा थांबला तसा नवरा बाहेर गेला, शेजाऱ्याची म्हातारी अडकली होती तिला काढायला. वरून पत्रा सुटला. मांडी कापली, इथपासून इथपर्यंत. रक्त थांबेना. कोठीच्या दवाखान्यात नेला तर डॉक्टर मंगळवार-शुक्रवार, आणि वार होता सोमवार. ड्रेसरने फडकं बांधलं, म्हणाला मोठ्या लोपितालात न्या. गाडी नव्हती. बैलगाडीतून नेला. वाटेत ऊस तोलायच्या काट्यापाशी प्राण गेला. पन्नास वर्षांचा होता.

एवढंच बोलली. एक शब्द जास्त नाही. कृष्णदेवने नाक ओढलं. गुरुजींनी हॅट काढून हातात घेतली, आपण वकील आहोत हे विसरून.

जमुना उठून स्वयंपाकघराच्या आतल्या अंगाला गेली. तिथे सून, बसंती, नारळाची करवंटी घासत होती. घासून घासून ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"ऐकलंत?" बसंती म्हणाली. अठरा वर्षांत ही सासू-सून एका बाजूला कधी बसली नव्हती. "सगळे रडतायत."

"रडतील नाय तर काय. तिला विधवा होणंसुद्धा जमतं." जमुनाने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला. "तिच्या नवऱ्याला गाडीत घातला कुणी? मी. रक्तानं लुगडं माझं भिजलं. ती होती कुठं? आसऱ्याला शाळेत, सासूला धरून, तिला हलताच येईना म्हणून. बों, बरं, नसेल आली. पण मग सांगते कशाला?"

"माझी इंद्राणी चार दिवस जेवली नाही नीट," बसंती म्हणाली. "बापाला काय बोलणार. तुम्ही बोलाल तर बोलाल, सासूबाई. तुम्हाला कोण अडवणार?"

ही साधी सून, तोंडातून शब्द न काढणारी, आज आपल्या हातात कोयता देते आहे, हे जमुनाला समजलं. तिला तो घ्यायचाच होता.

कारण तिच्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक घरातल्या थोरांना अर्धीमुर्धी ठाऊक होती, पण बाहेर कुणाला नव्हती. दुसरी तिच्या एकटीजवळ होती.

पहिली अशी, की जमुनाचा दीर परशुराम आणि कुंती यांच्या लग्नाचा कागदच नव्हता. मांडव पडला, गोंधळ झाला, मुंडावळ्या जमुनाने आपल्या हातांनी बांधल्या, चार गावं जेवली. पण सिव्हिल ऑफिसात कुणी गेलं नाही. त्या काळी निम्मी लोकं जात नसत. देवाब्राह्मणापुढे झालं ते झालं, गोऱ्याच्या वहीत कशाला? जमुनाचा बाप मात्र शहाणा; जमुनाच्या लग्नाला त्याने बलरामला आधी ऑफिसात उभा केला, मग बोहल्यावर. त्या बापाच्या जोरावर जमुना चाळीस वर्षं घरात मान ताठ करून वावरली होती. सरकारच्या लेखी परशुराम अविवाहित मेला होता. आणि जयदेव जन्मला तेव्हा बाप दूरच्या कोठीवर ऊस तोडायला, म्हणून मामाने जाऊन नाव घातलं, ते आईच्या नावावर. दाखल्यावर बापाच्या जागी रेघ.

दुसरी गोष्ट गाडीतली. बलराम पुढे रस्त्यावर पडलेल्या फांद्या कोयत्याने तोडत चालला होता, आणि परशुरामचं डोकं जमुनाच्या मांडीवर होतं. काट्यापाशी आल्यावर तो शुद्धीवर आला. म्हणाला, "वैनी, कुंती माझी बायको. तुमी मुंडावळ्या बांधलात. पोर माझं. ऑफिसात जाऊन सांगा. तुमचं ऐकतील." आणि मग नुसतं, "कुंती, कुंती."

चार मैल चिखलातून. लुगडं रक्ताने जड झालेलं. लहानपणी आई ऊसतोडीला गेल्यावर या दिराला तिने आपल्या ताटातला घास भरवला होता. आणि तो तिच्या मांडीवर मरताना दुसऱ्याच बाईचं नाव घेत होता. बलरामने तिला चाळीस वर्षांत एकदा नावाने हाक मारली नव्हती. परशुराम दर शनिवारी बाजारातून येताना कुंतीसाठी काहीतरी आणायचा, कधी रिबीन, कधी लिची, आणि ओसरीवर बसून तिला पेपर वाचून दाखवायचा. पेपर! जणू ती गव्हर्नरची बायको.

जमुना ऑफिसात गेली नाही. आज जाते, उद्या जाते. मग दहावा झाला, तेरावा झाला. मग इतके दिवस झाले की सांगायचं म्हटलं तरी आधी "का नाही सांगितलंस" याला उत्तर द्यावं लागलं असतं.

ती अंगणात आली. गुरुजी हॅट परत डोक्यावर ठेवत होते.

"गुरुजी," ती म्हणाली, "वकील असा मिळमिळीत नसतो. कोठीवाले त्याला भरपूर मोजतात. तो पहिलं काय विचारेल सांगू?"

"सांगा की, जमुनाबाई."

"तो विचारेल, बाई, तू ह्या मेलेल्या माणसाची कोण?"

कुंतीने मान वर केली.

"बायको," चंद्रमोहन हसून म्हणाला. "दुसरं कोण, आये?"

"मग तो म्हणेल, कागद दाखव. आणि तुझ्या साक्षीदाराजवळ कागद नाय. पोराच्या दाखल्यावर बापाचं नाव नाय. मजुराचा पोर म्हणून नेशील, आणि वकील म्हणेल, कुठल्या मजुराचा? साऱ्या पेपरांत छापून येईल. युनियनची अब्रू जाईल ती जाईल, आपल्या घराची जाईल ती वेगळी."

चंद्रमोहनचं हसू गेलं. बैठकेतली ढोलकी मात्र चालूच होती.

"काकी?" चंद्रमोहन म्हणाला. "दाखला बुधवारी देते म्हणालीस तू."

"जाऊबाय खरं बोलतायत," कुंती म्हणाली. ती खुर्चीतून उठली, पदर सावरला. "मला वाटलं, कमिशन माणसाचं ऐकायला बसलंय. दाखले बघायला नाय."

"रेघ आहे तिथं," जयदेव म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज सरळ होता. "परीक्षेच्या फॉर्मवर बघितली मी. बाबांना विचारलंबी होतं. ते म्हणाले, तोडणी संपली की जाऊ ऑफिसात. मग कॅरोल आला."

कृष्णदेव खाली बघत होता. गुरुजींनी हळूच सांगितलं, की त्यांना वाटतं कमिशनपुढे हे टिकणार नाही. कोठीवाल्यांना एवढं सुतळीचं टोक पुरे, ते दवाखान्याचं सोडून लग्नावरच अर्धा तास घालवतील. चंद्रमोहनने खिशातून पेन्सिल काढली. कमिशनला द्यायचा अर्ज मांडीवर घेतला. जयदेवच्या नावावर त्याने आडवी रेघ मारली तेव्हा कागद फाटेल इतकी दाबली.

"इंद्राणी," गुरुजी म्हणाले. "गुण तिचेच जास्त. आता लोकही काही म्हणणार नाहीत."

बसंती दारात येऊन उभी होती. तिने तोंडाला पदर लावला, हसू लपवायला की काय, ते जमुनाला दिसलं नाही. इंद्राणी मात्र ओंडक्यावरून उठली नाही. तिने पुस्तक मिटून जयदेवच्या बाजूला सरकवलं. पुस्तक त्याचंच होतं.

"आणि साक्षीला?" कृष्णदेवने विचारलं.

"आये," चंद्रमोहन म्हणाला. त्याने आईकडे पाहिलं नाही. "गाडीत तीच होती. आणि तिचा कागद आहे."

चार दिवस जे हवं होतं ते एका घटकेत पदरात पडलं. नात, खुर्ची, पोर्ट लुई. जमुना खुर्चीवर बसली. टाच टेकवली, पाठ ताठ केली, कुंतीसारखे हात मांडीवर ठेवले नाहीत. खुर्चीच्या हातांवर ठेवले.

"विचारा," ती म्हणाली.

"मादाम, सिक्लोनच्या दिवशी काय झालं?"

आणि जमुनाने सांगितलं. कुंतीने दहा वाक्यांत सांगितलेलं तिने मुळापासून उभं केलं. पत्रा कसा भिरभिरत आला. फडकं म्हणून तिने स्वतःचा परकर कसा फाडला. ड्रेसर कसा म्हणाला, की बाई, माझ्याजवळ आयोडीन आहे आणि ॲस्पिरिन आहे, मी काय करू, मला शिव्या द्या. साहेबाची मोटार बंगल्यात उभी होती, ती तिने मागितली, तेव्हा माळी म्हणाला की रस्ते खराब आहेत, मोटार खराब होईल. "मोटार खराब होईल," जमुना परत म्हणाली, आणि कृष्णदेवची मूठ वळली. तिचं तिलाच कळलं, की ती कुंतीपेक्षा चांगलं सांगते आहे. जयदेवसुद्धा ऐकत होता. बापाच्या मरणाची ही हकिगत त्याला इतकी कुणीच सांगितली नव्हती.

"मग काट्यापाशी आलो. तिथं उसाच्या गाड्या तोलायचा मोठा काटा. उसाचं वजन बरोबर करतात, रत्तलाचा फरक पडू देत नाहीत. तिथं त्यानं डोळे उघडले."

"बोलला का काही?" गुरुजींनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता. ते वकील उरले नव्हते, नुसते ऐकत होते.

जमुनाने गुरुजींकडे नाही, अर्जाकडे पाहिलं.

आता "पाणी" म्हणावं. मरणारा माणूस पाणीच मागतो, कुणी संशय घेणार नाही. इंद्राणीचं नाव अर्जावर ताज्या शिसानं लिहिलेलं होतं. एक शब्द. पाणी.

पण जयदेव पुढे वाकला होता, आणि वाकताना त्याच्या खालच्या ओठाची कड दाताखाली गेली होती, तशीच, ज्या तऱ्हेने आठ वर्षांचा परशुराम घास पुढे केला की ओठ चावून बघायचा, खरंच मलाच आहे ना म्हणून.

"बोलला," जमुना म्हणाली. "म्हणाला, वैनी, कुंती माझी बायको. मुंडावळ्या तुमी बांधलात. पोर माझं. ऑफिसात जाऊन सांगा." तिने नजर जयदेववरून काढली नाही. "मग तिचं नाव घेतलं. दोनदा. माझं नाय."

ढोलकी थांबली होती. पोरं बहुतेक पाणी प्यायला गेली असतील.

"आयो," गुरुजी म्हणाले. मग भराभर, "जमुनाबाई, हे शपथेवर सांगाल? मुंडावळ्या बांधणारी थोरली जाऊ, स्वतःचा कागद असलेली, आणि मरणाऱ्याचे शब्द. वकिलाला तोंड उघडता येणार नाही. उलट त्यालाच शरम वाटेल."

"सांगेन."

"मग जयदेवचं नाव..." चंद्रमोहनने बोलायला सुरुवात केली, आणि आपल्या मुलीकडे बघून तो तिथेच थांबला.

"खोडा माझं, बाबा," इंद्राणी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. तिने मनापासून म्हटलं नव्हतं आणि ते सगळ्यांना कळलं. बसंती दारातून आत गेली आणि आत काहीतरी धाडकन आपटलं.

चंद्रमोहनने खोडलं. एकाच ओळीत आता दोन खोडलेली नावं झाली, आणि पहिलं त्याने वर परत लिहिलं.

कुंती अजून उभीच होती. जमुनाला वाटलं, आता ही येईल, रडेल, पाया पडेल. तिने पाय जरा पुढेही घेतले. पडू नको म्हणायचं, मोठेपणाने म्हणायचं, एवढं तिने मनात जुळवलंसुद्धा.

कुंती आली. पाया पडली नाही. खुर्चीपुढे उभी राहिली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा जमुनाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलली.

"दीड वरीस झालं, जाऊबाय."

एवढंच.

साऱ्या पंचक्रोशीत जमुनाच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. कोठीच्या सिरदाराला, मुकादमाला, तिने भर वाटेत गप्प केला होता, सासूला केली होती, भटजीला केला होता. आता तिने पुढे घेतलेले पाय मागे ओढले.

कुंतीने चटईवरचं आपलं रिकामं ताट उचललं. "चल, जयदेव," म्हणाली. "विसर्जनाला तुझ्या बापाचा सदरा घालायचाय, त्याचं बटण लावायचं राहिलंय." मायलेक कुडाच्या फाटकातून गेले. जाताना तिने 'येते' म्हटलं नाही. या घरात आजवर असं कुणी गेलं नव्हतं.

बलरामने विडी पेटवली नाही, तशीच कानावर ठेवली. "मी पुढं होतो," तो कुणालाही न उद्देशून म्हणाला. "मला वाटलं, वारा बोलतोय."

गुरुजींनी हॅट काढून ओंडक्यावर ठेवली. "आज एवढं पुरे करू या का, जमुनाबाई?"

जमुनाने खुर्चीचे हात सोडले नाहीत. दारात बसंती नव्हती. इंद्राणी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"नाय," ती म्हणाली. "वकील आणखी एक विचारेल. इतके दिवस कुणाला का सांगितलं नाय, असं विचारेल. तेबी आत्ताच विचारा, गुरुजी. गुरुवारी पहिल्यांदा नको."

गुरुजींनी विचारलं.

"मी जळत होते म्हणून," जमुना म्हणाली.